छबुअक्का आणि गोदामातली पावडर

छबुअक्का नात्याने माझी कोणी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिच्याबद्दल इतक्या हक्काने बोलणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, दोघं एका आईच्या पोटची. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक भिंत आहे आणि त्या भिंतीला मला आठवतं तेव्हापासून एक भगदाड आहे. आमच्याकडची भाजी त्या भगदाडातून तिकडे जाते, तिकडची इकडे येते. ते बुजवावं असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणतो, ती मला गहिन्या म्हणते, आणि रागावली की पूर्ण गहिनीनाथ.

मी आमच्या सावरदऱ्याच्या सेवा सोसायटीत शिपाई होतो. शिपाई म्हणजे कुलूप उघडायचं, झाडून काढायचं, चहा सांगायचा आणि चेअरमन सुंदरराव चिडले की मान खाली घालून उभं राहायचं. हे काम मी बावीस वर्षं केलं आणि चांगलं केलं, असं माझं मत आहे. इतरांचं मत मी विचारलेलं नाही.

आमचं गाव पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातलं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांकडे ऊस तोडायला जातं. अक्काही वीस वर्षं गेली. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायची, तेही गुणगुणत. मग गुडघे गेले. तेव्हापासून नवरा शहादेव, मुलगा आणि सून ट्रॅक्टरच्या टोळीत जात आणि अक्का गावात राहून दोन बैल आणि एक भाकड गाय सांभाळी. बैलांची नावं हौशा आणि गवशा. हौशा मारका होता. गवशा मारका नव्हता, पण हौशाच्या संगतीने आपणही असावं असं त्याला वाटे.

अक्काच्या हाताला काहीतरी होतं. मी देवाधर्माचा माणूस नाही, अंगात येणं वगैरे पाहिलं की मला हसू येतं, पण हे डोळ्यांनी बघितलंय. दावं तोडून पळालेलं जनावर तिने मानेखाली हात घातला की उभं राहायचं. अडलेली गाय असो, पाय मुरगळलेला बैल असो, लोक आधी तिला बोलवायचे आणि मग गुरांच्या डॉक्टरांना फोन करायचे. डॉक्टर आले की तेही म्हणायचे, "बाई, तुम्ही जरा धरा, मग मी सुई देतो." ती बैलाशी बोलत नसे. नुसती चोळत राही. मी एकदा विचारलं, तू काय करतीस नेमकं? म्हणाली, "काय न्हाई बा. त्याला कळू देती की मी हाय."

२०१२ साली पाऊस पडला नाही. त्याआधीच्या वर्षीही धड नव्हता. विहिरी आटल्या, पाझर तलावाच्या तळाला भेगा पडल्या, आणि पाणी टँकरने येऊ लागलं. माघात सोसायटीने तलावाच्या कोरड्या पोटात चारा छावणी उघडली. पाच-सहा गावांची आठशे जनावरं. प्रत्येकाने चार लाकडं रोवून वर पाचट टाकलं, खाली आपली गुरं बांधली आणि शेजारी आपली गोधडी टाकली. शहादेव आणि पोरं कारखान्यावर, म्हणून अक्का एकटीच हौशा-गवशाच्या पायाशी राहायला आली. शेजारच्या दावणीला बायडाबाई आणि तिची म्हैस. खरं सांगतो, दुष्काळ असूनही पहिले पंधरा दिवस छावणीत जत्रेसारखं वाटत होतं.

मग गोचीड झाले. आठशे जनावरं अंगाला अंग लावून उभी, धुवायला पाणी नाही, दुसरं काय होणार? कानात गोचीड, कासेला गोचीड, शेपटीच्या बुडाशी हरभऱ्याएवढे टपोरे गोचीड. गुरांच्या डॉक्टरांनी वर औषध मागितलं होतं. औषध 'निघालं' होतं. आमच्याकडे निघालेली वस्तू केव्हा पोहोचते हे ज्याला माहीत आहे त्याला मी जास्त सांगायला नको.

त्याच आठवड्यात पेंडीची पोती ठेवायला मी सोसायटीचं मागचं गोदाम रिकामं केलं. तिथे एका कोपऱ्यात जुन्या खतांच्या गोण्यांखाली पाच पोती निघाली. उंदरांनी चिठ्ठी खाल्लेली, पण वासावरून ओळखली. कुबट, नाकात बसणारा वास. ही पूर्वी पिकावर धुरळायची ती बीएचसी पावडर. माझ्या लहानपणी सोसायटीतून घरोघर जायची. ज्वारीवर मारत, ढेकणांसाठी खाटेत टाकत, बायका पोरींच्या केसांत उवांसाठीसुद्धा घालत. पुढे ती बंद झाली. का बंद झाली हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, नवीन महागाची औषधं खपावीत म्हणून कंपन्यांनी बंद केली असेल. मी असाच विचार करणारा माणूस आहे, सगळ्यांत लबाडी दिसते आणि नेमकी असते तिथे दिसत नाही.

दुष्काळात चांगली वस्तू पडून का राहावी? मी एक डबा भरला आणि आधी अक्काकडे नेला. कुणाला न विचारता. वर ऐटीत म्हणालो, "अक्का, ह्याच्यानं एक गोचीड राहनार न्हाई."

आणि खरोखर राहिला नाही. दोन दिवसांत हौशाच्या अंगावरचे गोचीड टपाटपा गळाले. मग काय, अख्खी छावणी तिच्यामागे लागली. पोती मी पुरवली. मारकी जनावरं कुणाला हात लावू देत नव्हती, म्हणून प्रत्येक दावणीवर अक्काच. मूठभर पावडर घ्यायची, गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली, जांघेत, कानामागे चोळायची. गुरांच्या डॉक्टरांनी कसल्यातरी कामासाठी आणलेले रबरी हातमोजे मी तिला मागून दिले होते, एवढी अक्कल मला होती. तिने ते घालून हौशाला हात लावला, तो फुरफुरून मागे सरला. तिने मोजे काढले, धुऊन, वाळवून मला परत दिले.

"रबराचा हात त्याला परका लागतो," म्हणाली. "जनावराला मानसाचा हात लागाया पायजे."

हे तिचंच मत होतं असं नाही. आमच्याकडे ज्याच्या दावणीला बैल आहे त्या प्रत्येकाचं हेच मत आहे. बैलाला हातमोजे घालून चोळणाऱ्या माणसाला आमचं गाव हसलं असतं. मी स्वतः हसलो असतो. म्हणून मीही पुढे काही बोललो नाही. तीन महिने ती रोज उघड्या हातांनी पावडर चोळत होती. गोधडीखाली पिसवा झाल्या म्हणून तिथेही भुरभुरली. पाण्याची टंचाई, हात धुवायला तांब्याभर पाणी घालवणं तिच्या जिवावर यायचं. पदराला हात पुसून भाकरी खायची.

वैशाखात तिच्या दंडावर काळे-निळे डाग दिसले. म्हणाली, गवशाचं शिंग लागलं. पोटरीवर दिसले, तर म्हणाली खुंटा लागला. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, भाकरीच्या तुकड्याला लाल लागायचं. चेहरा असा पांढरा झाला की पीठ फासल्यासारखा. दहा पावलं चालली की बसायची.

सगळ्यांनी एकमुखाने निदान केलं: अंगात रक्त कमी. आणि त्याच्यावर इलाजही सगळ्यांना माहीत. उपकेंद्रातल्या बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. बायडाबाईने गूळ-शेंगदाणे कुटून लाडू केले. कुणी पाटोद्याच्या बाजारातून बीट आणलं, कुणी डाळिंब. एका गड्याने तर कुठूनशी पालक आणली, त्या उन्हाळ्यात हिरवं पान दिसणं म्हणजे नवल होतं. अक्का सगळं खायची, कारण आणणाऱ्याचं मन मोडायचं नाही. मला हळूच म्हणाली, "गहिन्या, हे खाऊन माझं रगत वाढंल का न्हाई ठाव न्हाई, पन छावनी उपाशी मरंल." रक्त काही वाढलं नाही. आम्ही म्हणालो, दुष्काळ आहे, वेळ लागेल.

एका सकाळी शेण भरताना तिचं नाक फुटलं. पाणी मारलं, कांदा हुंगवला, मान मागे धरली, रक्त थांबेना. चाऱ्याचा टेम्पो उभा होता, त्यातच तिला झोपवून मी निघालो. पाटोद्याच्या दवाखान्यात नाकात बोळा घालून त्यांनी पुढे पाठवलं. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात होतो. टेम्पोत ती माझा हात धरून होती आणि विचारत होती, हौशाला पाणी कोण दावील?

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. चाळिशीच्या, बारीक, भरभर बोलणाऱ्या. रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासायला नेला. मी बाहेर बसून त्या सुईचा विचार करत होतो, अक्का आत बाईंना विचारत होती की तुम्हाला लेकरं किती. तिसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. शहादेव कारखान्यावरून नुकता आला होता, तो छावणीत गुरांपाशी थांबला होता.

"मावशी, रक्त हाडांच्या आत तयार होतं. तो कारखाना आहे असं समजा. तुमच्या कारखान्याची मशिनरीच बंद पडलीय. लाल पेशी नाहीत म्हणून दम लागतो. रक्त थांबवणाऱ्या पेशी नाहीत म्हणून नाक फुटलं. रोगाशी लढणाऱ्या पेशीही नाहीत. तुम्ही लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, गूळ खाल्ला. पण कारखानाच बंद असल्यावर दारात उसाच्या गाड्या लावून काय उपयोग?"

अक्काला चटकन कळलं. "म्हंजी पट्टा पडला म्हना की," ती म्हणाली. बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी सांगितलं, कारखान्याचा हंगाम संपला की आमचे लोक असं म्हणतात.

"संपलेला नाही," बाई म्हणाल्या. "बंद आहे. चालू होतो कधीकधी. अप्लास्टिक अॅनिमिया म्हणतात ह्याला. पण कशाने बंद पडला हे आधी शोधायला हवं, कारण ती गोष्ट अजून अंगाला लागत असेल तर औषध देऊन काय करू?"

आणि त्या एकेक विचारू लागल्या. कावीळ झाली होती का? अक्का म्हणाली, लेकाला झालती, गळ्यात माळ घातली, उतरली. तुम्हाला? न्हाई. मोठा ताप, टायफॉइड? त्यावर पूर्वी देत त्या कॅप्सूल घेतल्या? न्हाई. फिट येण्याच्या गोळ्या? गाठीवर शेक, किरणांचा उपचार? रंगकाम, पेट्रोल, गोंद, असल्या वासाचं काम?

"पेट्रोल?" अक्का हसली. "बाई, माझ्याकडं बैल हायती."

बाईसुद्धा हसल्या. मग विचारलं, "कीटकनाशक? फवारणी, पावडर?"

मी अक्काकडे बघितलं. अक्का बाईंकडे बघत होती, सरळ, डोळ्यांची पापणी न लववता.

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्याकडं पीकच न्हाई दोन साल. कशावर मारायची?"

मी गप्प बसलो. इथे माझ्या भल्यासाठी काही लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. घसा कोरडा पडला, शब्द फुटेना, वगैरे. तसं काही झालं नाही. शब्द तोंडात तयार होते. मी ते गिळले. बंद झालेली पावडर, सोसायटीचं गोदाम, किल्ली माझ्याकडे. नोकरी डोळ्यांपुढे आली. बाहेर आल्यावर मी अक्काला म्हणालो, खोटं कावून बोललीस? तिने मलाच दटावलं. "तुझं नाव कशाला घ्यायचं मधी? सुंदरराव तुला काढून टाकील. आन पावडरीनं झालं असतं तर हौशाला झालं नसतं का?"

मला हे पटवून घ्यायचंच होतं, मी पटवून घेतलं. खरंच की, मीही पोत्यांत हात घातले होते, बायडाबाईनेही घातले होते, आम्ही धडधाकट होतो. शिवाय बाई म्हणाल्या होत्या की निम्म्याहून जास्त वेळा कारण सापडतच नाही. शरीर आपल्याच मगजावर उलटतं, का ते कुणाला कळत नाही. मी त्या वाक्याला धरून बसलो.

रक्ताच्या पिशव्या चढवल्यावर तिच्या गालावर रंग आला आणि ती लगेच छावणीत परत गेली. मी आदल्या दिवशीच पावडरीचा डबा आणि उरलेलं पोतं उचलून गोदामात कुलुपात टाकलं होतं. झालं, संपलं, असं मनाला सांगितलं. पण त्या छावणीची मातीच पावडरीची झाली होती. गोधडीत पावडर, गोणपाटात पावडर, गुरांच्या केसांत पावडर. आणि अक्का आली ती थेट हौशाच्या गळ्यात पडली. रोज सकाळ-संध्याकाळ चोळत बसायची. मी लांबून बघायचो आणि काहीतरी काम काढून निघून जायचो.

महिन्याभरात पाऊस सुरू झाला. सगळा गाव आभाळाकडे बघून नाचत होता आणि अक्का पुन्हा दवाखान्यात होती. ह्या वेळी पेशी आधीपेक्षा कमी. तोंडात फोड, अंगात ताप. बाई चिडल्या होत्या, आमच्यावर नाही, त्या आजारावर. त्यांनी पुन्हा सगळं खोदून विचारलं आणि मग त्यांना अक्काच्या पिशवीत गुडघेदुखीच्या गोळ्या सापडल्या. पाटोद्याच्या बाजारातून सुट्ट्या घेतलेल्या, नाव नाही, गाव नाही, दोन वर्षं खात होती.

"असल्या काही गोळ्यांनी होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "आजपासून बंद. बहुतेक हेच."

"हेच आसंल," अक्का लगेच म्हणाली. इतक्या आनंदाने की एखाद्याला वाटावं, तिला बक्षीस लागलंय. "ह्याच गोळ्या बगा बाई. मला पैल्यापासून वहीम होता."

आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. मोठा माणूस, शिकलेला माणूस सांगतोय, गोळ्यांनी झालं. मी दवाखान्याच्या दारात जाऊन चहा प्यालो, गेल्या दोन महिन्यांत तो पहिला चहा गोड लागला. परत आलो तर बाई अक्काला समजावत होत्या, ह्या कॅप्सूल सुरू करू, ताप उतरला की घरी जा, पण गोळ्यांना हात लावायचा नाही.

"न्हाई लावत," अक्का म्हणाली. "मी आपली माझ्या बैलापाशी पडून राहती."

ती बैलापाशी पडून राहणार होती. त्याच गोधडीवर. आणि बाईंना वाटणार होतं, कारण दूर झालं. मी खाटेपाशी गेलो.

मी म्हणालो, "बाई, पावडर हाय. मी दिलती."

अक्का कडाडली, "गहिनीनाथ!" अंगात त्राण नाही, आणि आवाज एवढा की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. मी थांबलो नाही. गोदाम, पोती, उघडे हात, गोधडी, तीन महिने, सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर बाईंनी विचारलं, नमुना आहे का? दुसऱ्या दिवशी मी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून मूठभर पावडर नेली. त्यांनी नुसता वास घेऊन ती बाहेर ठेवायला सांगितली.

"मग ह्याच्यानंच झालं ना?" मी विचारलं.

"असू शकतं."

"टक्के सांगा."

"टक्के नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "ह्यानं झालं असेल. गोळ्यांनी झालं असेल. दोन्हींनी, किंवा एकानंही नाही. एकाच पावडरीत दहा जण हात घालतात आणि एकाचीच मज्जा बंद पडते, ती का, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण हे ह्यांच्या अंगाला लागत राहिलं असतं तर माझी औषधं पाण्यात गेली असती. उशिरा का होईना, बोललात." मग अक्काकडे वळून त्यांनी सांगितलं: निदान वर्षभर गुरांच्या जवळ जायचं नाही. पावडर आहे म्हणून, आणि अंगात रोगाशी लढायला काही उरलेलं नाही म्हणूनही. शेण नाही, गोठा नाही, बैल नाही.

अक्काने भिंतीकडे तोंड केलं. त्या क्षणापासून ती माझ्याशी बोलायची थांबली.

गावात आल्यावर मी छावणीच्या भोंग्यावरून सांगितलं की पावडर विषारी आहे, मी दिली ती चूक झाली, गुरांना धुऊन काढा, गोणपाटं पुरा, हातांना साबण लावा. सुंदररावांनी मला बोलावून विचारलं, "हे भोंग्यावर सांगायचं कावून? माझ्या कानात सांगितलं असतं." मी म्हणालो, तुमच्या कानाला गोचीड नव्हते. नोकरी गेली. ह्या वाक्यासाठी गेली असती तरी मला चाललं असतं. पोती सरकारी माणसं येऊन घेऊन गेली.

शहादेवाने बैल आणि गाय वडवणीला मेव्हण्याकडे नेऊन बांधले, कारण घरात असते तर अक्का थांबली नसती. ज्या दिवशी त्याने दावं सोडलं त्या दिवशी ती दारात उभी होती, तोंडाला पदर लावून, दहा पावलांवर. हौशा तिच्याकडे यायला बघत होता. शहादेव ओढत होता. मी भिंतीच्या ह्या बाजूने बघत होतो आणि मला रडू आलं. मी सांगितलं नसतं तर ती मेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही वाटलं, मी तिचा जीव वाचवला आणि तिच्या हातातलं होतं ते काढून घेतलं.

आठ महिने भिंतीच्या भगदाडातून भाजी येत राहिली. वाटी शहादेव द्यायचा, त्या साली तो तोडीला गेलाच नाही. मीही वाटी भरून द्यायचो. ती बोलली नाही. दर पंधरा दिवसांनी अंबाजोगाईला न्यायचं काम माझंच होतं, आता मला दुसरा उद्योग नव्हता आणि शहादेवाला दवाखाना बघूनच घाम फुटायचा. एसटीत ती खिडकीशी बसायची, मी शेजारी. केज येईपर्यंत मी बोलायचो, केजनंतर थकून गप्प बसायचो. रक्त लागलं की मी देत होतो, गावातल्या बंकट पाटलाचं पोरगं देत होतं, छावणीतले निम्मे लोक देऊन आले. आधी दर पंधरवड्याला पिशवी लागे. मग महिन्याने. मग दीड महिन्याने. हिरड्यांचं रक्त थांबलं. डाग विरले. कॅप्सूलनी तिचा चेहरा सुजला होता आणि ओठांवर लव आली होती, शहादेव तिला चिडवायचा आणि ती त्याच्याशी भांडायची. त्याच्याशी भांडायची, माझ्याशी तेवढंही नाही.

फाल्गुनात गेलो तेव्हा बाईंच्या मागे सात-आठ शिकाऊ डॉक्टर होते. बाईंनी अक्काच्या खाटेपाशी थांबून त्यांना विचारलं, "ह्या मावशींची मज्जा बंद पडली होती. आता हळूहळू सुरू होतेय. कशाकशाने बंद पडू शकते?" पोरं शाळेतल्यासारखी सांगू लागली. औषधं, रसायनं, किरण, कावीळ, कुणी गरोदरपण म्हणालं, कुणी जन्मजात दोष. एक चष्मेवाली मुलगी वही घेऊन अक्काजवळ आली आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला कशानं झालं असेल?"

मला वाटलं, अक्का गोळ्या म्हणेल. इतके महिने ती तेच म्हणत होती, गावात सगळ्यांना.

"पावडर," अक्का म्हणाली. "गोचिडाची. ह्या हातानं चोळली. तुमी लेकरं शिकून दवाखाने काढताल, तवा खेड्यातल्या बाईला इचारा, हाताला काय लागलं मनून. ती न्हाई म्हनंल. पुन्यांदा इचारा."

मुलीने लिहून घेतलं. "पावडर कुणी दिली होती?"

मी खाटेच्या मागे पिशवी धरून उभा होतो. मी म्हणालो, "मी दिली."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मुलीने पेन तसाच धरून विचारलं, "तुम्ही कोण ह्यांचे?"

शेजारी म्हणावं तर म्हणवेना, आणि दुसरं काही म्हणायचा हक्क मला आठ महिन्यांपूर्वीच नाकारलेला. मी पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिलो.

"भाऊ हाय माझा," अक्का म्हणाली. मग मान वळवून, आठ महिन्यांत पहिल्यांदा, माझ्याकडे बघून म्हणाली, "उभा काय ऱ्हायलाय गहिन्या, बस की हितं."

मी खाटेच्या कडेला बसलो. मुलीने वहीत ओळ पुरी केली आणि डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या.